व्हॉट्सॲप ज्या भाषेवर मोठं झालं, ती 'अर्लांग' सर्व्हरवर बसवतात कशी?

सकाळी सातच्या आत फॅमिली ग्रुपवर 'शुभ सकाळ'ची फुलं येऊन पडतात. त्याच क्षणाला देशभरात असे लाखो मेसेज इकडून तिकडे जात असतात, आणि तरी तुमच्या मेसेजसमोर दोन टिका लगेच उमटतात. यामागे जी प्रोग्रामिंग भाषा आहे, तिचं नाव अर्लांग. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या एकाच सर्व्हरवर एका वेळी २० लाखांहून जास्त कनेक्शन चालू राहतात. तो सर्व्हर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली, तेव्हा सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते फक्त ३२!

गंमत म्हणजे ही भाषा चॅटिंगसाठी बनलेलीच नव्हती. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती तयार केली. एकाचा फोन कट झाला तरी बाकीच्यांचे कॉल चालू राहिले पाहिजेत, ही तिची मूळ गरज. म्हणून अर्लांगमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळी, अगदी छोटी 'प्रोसेस' असते. सुरुवातीला ती जेमतेम अडीच-तीन किलोबाइट मेमरी घेते. एक पडली तर दुसरीला धक्का लागत नाही. १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका विभागाने नव्या प्रॉडक्टसाठी तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षअखेरीस ती सगळ्यांसाठी मोफत खुली झाली. ती बंदी जगाच्या पथ्यावरच पडली म्हणायची.

आता ती बसवायची कशी? उदाहरण म्हणून उबुंटू सर्व्हर २४.०४ घेऊ. सर्व्हरवर माऊस, आयकॉन, 'नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश' असं काही नसतं. समोर काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यायची, म्हणजे सॉफ्टवेअरची यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अर्लांग'. (टर्मिनलवर हे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं.) झालं, भाषा बसली. पण या पॅकेजसोबत खिडक्या उघडणारी, चित्रमय साधनंही येतात. ज्या मशीनला स्क्रीनच जोडलेली नाही, तिथे ती काय कामाची? त्यासाठी 'अर्लांग-नॉक्स' हे हलकं पॅकेज आहे. सर्व्हरवर तेच बरं.

बसलं की नाही हे पाहायला 'अर्ल' टाइप करा. आवृत्तीचा नंबर दिसतो आणि खाली '१>' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे 'एक्स = ५' लिहून शेवटी पूर्णविराम द्यायचा. पूर्णविराम विसरला तर अर्लांग नुसती वाट बघत बसते, आणि नवख्यांना वाटतं की सर्व्हर हँग झाला. मग 'एक्स = ६' लिहून बघा. एरर येते! कारण ही फंक्शनल भाषा आहे. एकदा नावाला दिलेली किंमत नंतर बदलत नाही. आधी हे जाचक वाटतं. पण कुणी मागच्या मागे आकडा बदलूच शकत नसेल, तर हजारो कामं एकाच वेळी चालवताना एकमेकांत गुंता होत नाही. बाहेर पडायला 'क्यू', दोन कंस आणि पुन्हा पूर्णविराम.

इथपर्यंत सोपं आहे. खरी डोकेदुखी आवृत्तीची. उबुंटू २४.०४ सोबत अर्लांगची २५ वी आवृत्ती येते. पण नवी मोठी आवृत्ती साधारण दर मे महिन्यात निघते: २०२३ ला २६, २०२४ ला २७, २०२५ ला २८. प्रोजेक्टला नवी हवी असेल तर 'केर्ल'सारख्या साधनाने मूळ सोर्स कोडपासून ती तयार करावी लागते. लहान मशीनवर याला चांगलाच वेळ लागतो. आणि त्यात एक छुपा खड्डा आहे. ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फाइल्स आधी बसवल्या नसतील, तरीही काम पूर्ण होतं, पण क्रिप्टो हा भाग गाळून. हे कळतं कधी, तर सुरक्षित कनेक्शन करायची वेळ येते तेव्हा. म्हणून तयार होताना स्क्रीनवर आलेल्या सूचना वाचाव्यात.

दुसरा मुद्दा दारांचा. अनेक सर्व्हरवरच्या अर्लांग एकमेकींना शोधतात त्या ४३६९ या पोर्टवरून, आणि ओळख पटवतात 'कुकी' नावाच्या एका गुप्त शब्दावरून. ही कुकी ज्याच्या हाती लागली तो त्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. त्यामुळे ते पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवणं म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवून गावाला जाण्यासारखं आहे. फायरवॉलने ते बंद करा. मात्र फायरवॉल चालू करण्याआधी स्वतःच्या एसएसएच लॉगिनला परवानगी द्या, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल.

हे सगळं कागदी भय नाही. एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीतल्या रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी अर्लांगच्या स्वतःच्या एसएसएच सर्व्हरमधली एक त्रुटी उघड केली. पासवर्ड न देताच बाहेरच्या माणसाला त्यातून आज्ञा चालवता येत होत्या. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. रोजच्या लॉगिनचं ओपनएसएसएच वेगळं, त्याचा यात संबंध नव्हता. ज्या ॲप्लिकेशनने अर्लांगचा एसएसएच भाग वापरला होता, ती मात्र सापडली.

उबुंटूने ही दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवून दिली. त्यामुळे 'अर्ल' उघडल्यावर दिसणारा '२५' हा आकडा दुरुस्तीआधी आणि नंतर सारखाच. दुरुस्ती आली का हे पॅकेजच्या पूर्ण नंबरावरून बघावं लागतं. शिवाय 'ॲप्ट अपग्रेड' फक्त डिस्कवरच्या फाइल्स बदलतं. चालू कार्यक्रम बंद न करता कोड बदलता येतो म्हणून अर्लांग प्रसिद्ध असली, तरी ॲप्टमुळे ते आपोआप होत नाही. मेमरीत जुनाच कोड फिरत राहतो, ॲप्लिकेशन रीस्टार्ट करेपर्यंत.