दहा बाय बाराच्या हॉलला दिवा कोणता?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं नवं नाट्यगृह १९६६ साली उघडलं, तेव्हा ऑस्ट्रियाने त्याला स्फटिकाची झुंबरं भेट दिली. ती व्हिएन्नाच्या लोबमायर कंपनीने घडवली होती. मध्यातून चहूबाजूंना काड्या फुटलेल्या, काड्यांच्या टोकांना प्रकाशाचे ठिपके. नऊ वर्षांपूर्वी अवकाशात गेलेल्या रशियन उपग्रहावरून लोक त्यांना ‘स्पुटनिक’ म्हणू लागले. प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षागृहातली झुंबरं छताकडे ओढून घेतली जातात, म्हणजे वरच्या मजल्यांवरून रंगमंच दिसायला अडचण होत नाही. आज याच घराण्यातली पितळी पिल्लं ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ अशी चिठ्ठी लावून विकली जातात आणि नऊ फुटी छताच्या हॉलमध्ये पंख्याला खेटून टांगली जातात. तिथे ती वर ओढून घ्यायची सोय नसते.

साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या दिव्यांचा बाज सध्या पुन्हा चलतीत आहे. पण त्यांतले उत्तम दिवे शोभेसाठी जन्मले नव्हते. कोणाला उजेड डोळ्यांत खुपत होता, कोणाला छताला भोक पाडायचं नव्हतं, कोणाला जमिनीवर जागाच नव्हती. म्हणून दिव्याचं रूप पाहण्याआधी त्याने कोणती अडचण सोडवली ते पाहावं आणि आपल्या खोलीची अडचण तीच आहे का, ते तपासावं.

डेन्मार्कचा पॉल हेनिंगसेन (१८९४–१९६७) रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात वाढला. उघडा विजेचा बल्ब त्याला सहन होईना. १९२०च्या दशकातच त्याने एकाखाली एक तीन शेड रचून असा दिवा केला, की बल्ब कुठूनही दिसू नये आणि उजेड मात्र वाया जाऊ नये. शेडच्या वक्ररेषेसाठी त्याने गणितातली लॉगॅरिदमिक सर्पिल रेषा वापरली. हा माणूस टीकाकारही होता, आणि बल्ब कंपन्यांवर त्याचा खास राग. त्यांच्या बल्बचे आकार सतत बदलत आणि दरवेळी दिव्याचं गणित चुकत असे. अखेर १९५८ मध्ये त्याने ‘पीएच ५’ काढला. यात कोणताही बल्ब घाला, तो डोळ्यांवर येत नाही. आतल्या बाजूला लाल आणि निळ्या रंगाचे छोटे भाग आहेत. डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून वर्णपटाच्या दोन्ही टोकांना थोडा जोर द्यायचा, असा त्यामागचा विचार.

लहान खोलीत पीएच ५ चालतो का? चालतो, पण फक्त टेबलावर. त्याचा व्यास ५० सेंटिमीटर आहे आणि तो टेबलापासून सुमारे ६० सेंटिमीटर वर टांगायचा असतो. म्हणजे खाली जिथून कोणी चालत जाणार नाही, अशीच जागा हवी. हॉलच्या मधोमध लावला तर उंच पाहुण्याचं डोकं आणि दिवा यांची गाठ ठरलेली.

आता ‘आर्को’. अकिले आणि पिएर जाकोमो या कास्तिल्योनी बंधूंनी १९६२ मध्ये तो इटलीत केला. टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला हूक नको, हा प्रश्न होता. त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याची कमान घरात आणली. तोल सांभाळायला खाली सुमारे ६५ किलोचा कॅरारा संगमरवर ठेवला. त्या दगडाला आरपार भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी दिवा उचलावा, अशी ती सोय. कमान सुमारे दोन मीटर पुढे जाते, कारण खुर्चीच्या मागून ट्रे घेऊन माणूस जाऊ शकला पाहिजे. दिवा अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये दोन मीटर म्हणजे खोलीची जवळजवळ दोन तृतीयांश रुंदी. मासिकातल्या फोटोंत त्याच्याभोवती जी मोकळी जागा दिसते, ती दिव्याबरोबर मिळत नाही.

छताला हूक नको आणि जमिनीवर दगडही नको, अशांना झाँ प्रुव्हेकडे जावं लागेल. लोहारकाम शिकलेला हा फ्रेंच माणूस. आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी त्याने सुट्या भागांची ‘ट्रॉपिकल’ घरं केली आणि त्या घरांसाठी १९५०च्या सुमारास ‘पोतांस’ हा दिवा. भिंतीवर एक टेकू, त्यातून निघालेली दोन मीटरहून लांब लोखंडी दांडी, तिच्या टोकाला बल्ब. दांडी अर्धवर्तुळात फिरते. वाचताना खुर्चीवर आणायची, एरवी भिंतीशी नेऊन ठेवायची. तिची छोटी आवृत्तीही निघते. लहान हॉलसाठी या सगळ्या पिढीतली सर्वांत शहाणी कल्पना हीच. बिनशेडच्या बल्बऐवजी त्यावर छोटी शेड चढवली, तर हेनिंगसेनही तक्रार करणार नाही.

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची वाटेल ती गोष्ट जपानातली. १९५१ साली शिल्पकार इसामू नोगुची गिफू गावी गेला. तिथे नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून मासे पकडण्याचा रात्रीचा खेळ चालतो. गावातला कंदिलांचा धंदा मंदावला होता, तेव्हा महापौरांनी त्याच्याकडे मदत मागितली. बांबूच्या कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद ही आकाशकंदिलाशी नातं सांगणारी सामग्री घेऊन नोगुचीने ‘आकारी’ दिवे केले. शंभराहून जास्त प्रकार निघाले. ते घडी करून चपट्या खोक्यात मावतात. गोल आकारी कोपऱ्यात खाली ठेवला की भिंती उजळतात आणि खोली मोठी भासते. पावसाळ्याची दमट हवा आणि पंख्याचा वारा मात्र कागदाचे शत्रू.

कागदाची धास्ती असेल त्यांच्यासाठी डिझाइनर जॉर्ज नेल्सनचा ‘बबल’ आहे. त्याला स्वीडनचा रेशमी गोल दिवा घ्यायचा होता, पण किंमत ऐकून तो मागे फिरला. युद्धानंतर बंदरात उभ्या जहाजांवर प्लास्टिकची जाळी फवारून त्यांना गुंडाळतात, हे त्याला आठवलं. तारेचा सांगाडा करून त्याने त्यावर तेच फवारलं. १९५२पासून हॉवर्ड मिलर कंपनी ते दिवे बनवू लागली. ओल्या फडक्याने पुसता येतात.

प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली याने १९५२च्या सुमारास उजेडाचे तीन प्रकार सांगितले: सगळीकडे पसरलेला, एका जागी एकवटलेला आणि नुसता चमचमणारा. वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सनच्या १९४९च्या काचेच्या घरात रात्री काचा काळ्या आरशासारख्या व्हायच्या. केलीने घराबाहेरची झाडं उजळली आणि काचेपलीकडचं अंगण खोलीत सामील झालं. आपल्या हॉलमध्ये बहुधा एकट्या ट्यूबलाइटवर पहिल्या प्रकाराची भिस्त असते, उरलेले दोन आपण विसरतो.

थोडं बाजारातलं. परदेशी दिव्यांना बहुतेक आट्यांचा, फिरवून बसवायचा होल्डर असतो, आपल्या घरांत पिनचा. बल्ब घेताना ते आधी पाहावं. रंग २७०० केल्विनचा, म्हणजे दुकानदार ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतक्या उजेडासाठी आठ-नऊ वॅटचा एलईडी पुरतो. डिमर लावायचा असेल तर त्याला चालणाराच बल्ब मागून घ्यावा.

आणि घराचं रंगकाम काढण्याआधी वायरमनला बोलावून भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर एक आणि कोपऱ्यात जमिनीलगत एक असे दोन पॉइंट काढून घ्या. ट्यूब झाडलोटीसाठी राहू द्या. दिवा कोणता आणायचा, ते रंग वाळल्यावर ठरवलं तरी चालेल.