एसीपी प्रद्युम्न आधी बँकेत होते!

परवा नगरच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, “सर, सोमवारी राजीनामा टाकू का? मसाल्याचा धंदा पूर्णवेळ करतो.” घरात कमावणारा तो एकटाच. मी त्याला ‘सीआयडी’तल्या एसीपी प्रद्युम्नचं उदाहरण दिलं. हवेत बोटं फिरवत गुन्हेगार पकडणारे शिवाजी साटम मुळात सेंट्रल बँकेत नोकरीला होते. अभिनयाची वाटही बँकांच्या नाट्यस्पर्धेतूनच सापडली. पगार चालू, तालीमही चालू. जानेवारी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ सुरू झालं तेव्हा साटम ४७ वर्षांचे होते. (आपण तिशीतच म्हणतो, उशीर झाला!) पुढे २० वर्षं तोच एसीपी.

गडी जरा गप्प बसला. मग म्हणाला, “आधी रविवारच्या बाजारात स्टॉल लावून बघतो.” म्हटलं, लाव. तीन महिन्यांचा हिशेब वहीत लिहून आण, मग राजीनाम्याचं बोलू.