कंपाउंड धनुष्याचा वेग: खोक्यावरचा आकडा आणि आपल्या हातातला आकडा

आजचा विषय घरातल्या तिरंदाजांसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आईबाबांसाठी थोडा जास्तच.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे, या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. तेव्हा इथल्या मराठी घरांत मुलांनी कंपाउंड धनुष्याचा हट्ट धरला तर नवल नाही. आणि धनुष्य घरी आलं की पहिली तक्रार ठरलेली असते: ‘खोक्यावर ३३० फूट लिहिलंय, आमच्या मुलीचा बाण २३५ च्या वर जात नाही. धनुष्य बिघडलंय का?’

बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. तो ३३० चा आकडा कसा मोजतात ते आधी ऐका. धनुष्य खेचायला लागणारा जोर ७० पाउंड, दोरी मागे खेचण्याची लांबी म्हणजे ड्रॉ लेंथ ३० इंच, आणि बाणाचं वजन अवघं ३५० ग्रेन. ग्रेन हे फार लहान माप आहे. सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. आता आपली तेरा-चौदा वर्षांची मुलगी: जोर ४० पाउंड, ड्रॉ लेंथ साडेपंचवीस इंच, बाण ३०० ग्रेनचा. ड्रॉ लेंथ एक इंचाने कमी झाली की वेग सेकंदाला साधारण दहा फुटांनी उतरतो, म्हणजे ४५ फूट इथेच गेले. तिच्या ४० पाउंडांच्या हिशेबाने खोक्यावरच्या चाचणीइतका हलका बाण २०० ग्रेनचा झाला असता. तिचा त्याहून शंभर ग्रेन जड आहे, आणि दर तीन ग्रेनला एक फूट असं धरलं तर आणखी तीसेक फूट गेले. दोरीवर पीप, म्हणजे डोळ्यासमोर येणारी नेमाची छोटी कडी, आणि बाण अडकवायचा डी-लूप आहे, त्यांचे पाच-दहा. उरले २४० च्या आसपास. हे सगळे अंगठ्याचे हिशेब आहेत, धनुष्यागणिक थोडं इकडेतिकडे होईल. पण २३५ दिसले, तर तुमचं धनुष्य ठणठणीत आहे.

खरा प्रश्न वेगळा असतो. गेल्या वर्षी २३५ होते आणि आज तीच मुलगी, तेच धनुष्य, तोच बाण असून २२० आले, तर ते पंधरा फूट गेले कुठे? ट्यूनिंग म्हणजे हे हरवलेले फूट शोधणं. नवे फूट विकत घेणं हा नंतरचा, आणि बराचसा अनावश्यक, उद्योग.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही घरात पाहुणे मुलं आली की मोठ्याने सांगा. बाण न लावता दोरी खेचून सोडायची नाही. कधीच नाही. खेचलेल्या धनुष्यात साठलेली ताकद बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती सगळी धनुष्यावरच उलटते. दोरी कॅमवरून उडते, पाती तडकतात, आणि तुकडे चेहऱ्याकडे येऊ शकतात. असं झालंच, तर वरून काही दिसत नसलं तरी दुकानात तपासून घेतल्याशिवाय ते धनुष्य पुन्हा खेचू नका.

आता यंत्राची थोडी ओळख. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. त्यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या, पण त्यांचा आस मध्यावर न ठेवता बाजूला सरकवला. आपल्या विहिरीवरची कप्पी गोल असते म्हणून जोर सारखाच लागतो. ही कप्पी बाजूला सरकवलेली, म्हणून आधी जोर वाढतो आणि शेवटी एकदम उतरतो. आजच्या धनुष्यांत हाच भाग कॅम म्हणून ओळखला जातो. ४० पाउंडांचं धनुष्य पूर्ण खेचल्यावर हातात आठ-दहा पाउंडच राहतात, आणि मूल निवांत नेम धरू शकतं. ताकद साठते ती लिंबमध्ये. हे लिंब आपलं कडुलिंब नव्हे, तर धनुष्याची वरची आणि खालची पाती.

तर हरवलेले फूट. सगळ्यात आधी क्रोनोग्राफवर, म्हणजे बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तीन-चार बाण मारून सरासरी लिहून ठेवा. तिरंदाजीच्या बहुतेक दुकानांत तो असतो. आकडा हातात नसताना स्क्रू फिरवत बसणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

मग टेप घ्या आणि दोन मापं पाहा: वरच्या कॅमच्या आसापासून खालच्या कॅमच्या आसापर्यंतचं अंतर, आणि मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. दोन्ही माहितीपुस्तिकेत छापलेली असतात. ती जुळत नसतील तर नव्वद टक्के चोर सापडला असं मी म्हणेन: दोरी आणि केबल ताणल्या गेल्या आहेत. धागा वापराने हळूहळू लांबतो, कॅम आपल्या जागेवरून थोडे फिरतात, जोर बदलतो, वेग पडतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. टेक्सास, ॲरिझोना किंवा आखातातल्या कुटुंबांनी एक पथ्य जरूर पाळावं: धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. त्या उन्हात धागा लवकर ताणतो आणि लिंबच्या थरांनाही इजा होऊ शकते.

दोन कॅमवाल्या धनुष्यात आणखी एक तपासणी आहे, टायमिंगची. मुलीने बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून, सावकाश पूर्ण खेचायचं, आणि तुम्ही बाजूला उभं राहून पाहायचं की वरचा आणि खालचा थांबा एकाच क्षणी टेकतात की नाही. एक आधी टेकला, तर शेवटी भिंतीला टेकल्यासारखं घट्ट लागत नाही, गादीत रुतल्यासारखं मऊ लागतं. बाण सुटताना त्याचं शेपूट वरखाली होतं आणि ताकद वाया जाते. हे दुरुस्त करायला केबलला पीळ द्यावा किंवा सोडावा लागतो, आणि त्यासाठी धनुष्य बो प्रेसमध्ये दाबावं लागतं. गॅरेजमध्ये जुगाड करून प्रेस बनवण्याची आपल्यातल्या इंजिनियर बाबांना फार हौस असते. करू नका. दुकानदाराला द्या, आणि मुलीला शेजारी उभं राहून बघू द्या.

एवढं झालं की बहुतेक वेळा गेलेले फूट परत येतात. त्यानंतरही वेग हवा असेल तर तीनच रस्ते आहेत: जोर वाढवा, ड्रॉ लेंथ वाढवा, बाण हलका करा. तिन्हींना किंमत आहे, आणि ती मुलाच्या खांद्याने भरायची असते.

ड्रॉ लेंथ ही हाताच्या मापाची गोष्ट आहे. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. ६५ इंच आले तर २६ इंच, हा सुरुवातीचा अंदाज. एक इंच जास्त ठेवला की दहा फूट फुकट मिळतात, आणि दुकानात असा सल्ला देणारेही भेटतात. पण मूल मागे झुकायला लागतं, मान वळवून दोरीकडे नेतं, आणि दोरी हाताच्या आतल्या बाजूला सपकन लागते. ते निळं पडलेलं मनगट पाहिलं की समजा, माप चुकलंय. उलट मूल वाढत असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तिथे वाढलेला इंच हक्काचा, आणि त्याचे दहा फूटही हक्काचे.

जोर लिंबच्या बोल्टने वाढतो. एक पूर्ण फेरा म्हणजे दोन-तीन पाउंड, वर आणि खाली अगदी सारखा. सोडताना पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे जायचं नाही. किती जोर योग्य? मुलाला खुर्चीवर बसवा, बाण लावलेलं धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरून खेचायला सांगा. हात आकाशाकडे न्यावा लागला, तर जोर जास्त आहे, विषय संपला. एका पाउंडाला सुमारे दोन फूट मिळतात. त्या दोन फुटांसाठी वाढत्या वयाचा खांदा दुखावणं मला पटत नाही. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत मोठ्या खेळाडूंनाही ६० पाउंडांचीच मर्यादा आहे.

हलक्या बाणाचा मोह सगळ्यात धोक्याचा, कारण त्यात काहीच दुखत नाही. बहुतेक कंपन्यांची किमान अट अशी असते: एका पाउंडाला पाच ग्रेन. ४० पाउंडांना २०० ग्रेन. त्याखाली गेलात की धनुष्याच्या दृष्टीने ते जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखंच. मुलांसाठी एका पाउंडाला सात ग्रेनच्या आसपासचा बाण बरा. आवाज कमी, हादरा कमी. जोर वाढवला तर बाणाचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, तक्त्यात पुन्हा बघा. आणि कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलका वाकवून, कान देऊन ऐका. कटकट ऐकू आली तर मोडून कचऱ्यात.

दोरीवरच्या वजनाची गंमत वेगळी. तेच वजन दोरीच्या मध्यावर असेल तर वेग खातं, आणि कॅमजवळ असेल तर जवळजवळ काहीच खात नाही. म्हणून मध्यावर मोठा पीप, रबरी फुंदे वगैरे कमी ठेवा. कॅमजवळ योग्य जागी लावलेल्या छोट्या वजनांनी उलट दोन-चार फूट वाढतातही.

आता हे फूट खरंच किती कामाचे, तेही मोजून पाहू. जंगलातल्या थ्री-डी खेळात प्राण्यांच्या पुतळ्यांवर मारतात आणि अंतर बहुतेकदा स्वतः ओळखायचं असतं. पुतळा ३३ यार्डांवर आहे आणि मुलाने ३० समजून मारलं, तर २४० फुटांचा बाण सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली लागेल. २८० फुटांचा सुमारे साडेपाच. चाळीस फुटांची कमाई दोन सेंटिमीटर! मैदानी ५० मीटरच्या स्पर्धेत तर अंतर ठरलेलंच असतं. बाण जेवढा पडतो तेवढी साइट खाली घेतली की झालं. वाऱ्यात वेगवान बाण थोडा कमी वाहतो, एवढा फायदा मात्र खरा. ओजसने बर्लिनच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. ते वर्तुळ म्हणजे चहाच्या कपाचं तोंड. तिथे एकेक बाण सारखा सुटणं लागतं.

शाळेच्या राष्ट्रीय तिरंदाजी उपक्रमात जेनेसिस धनुष्य वापरत असाल, तर आजचं बरंचसं विसरा. तिथे सगळ्यांना एकच धनुष्य आणि एकाच प्रकारचे बाण असतात, आणि त्यात वेगासाठी बदल चालत नाहीत.

ज्यांना स्वतःचं धनुष्य लावायचं आहे त्यांनी शेवटी कागदाची चाचणी करा. चौकटीत कागद ताणून बसवा, मागे भक्कम लक्ष्य ठेवा, आणि दोन मीटरवरून एक बाण त्यातून मारा. गोल भोक आणि पिसांच्या तीन रेघा दिसल्या, तर बाण सरळ निघतोय. शेपटाचा फाटा वर गेला असेल तर नॉकची जागा अगदी किंचित खाली घ्या आणि पुन्हा मारा. एका वेळी एकच बदल. आणि क्रोनोग्राफचा आकडा, दोन्ही मापं, बोल्टचे फेरे, तारीख, हे सगळं मुलीच्याच हाताने एका वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी पंधरा फूट हरवले, तर ती वही उघडायची.