मुख्य धक्क्यानंतर

१५ ऑगस्ट १९५० रोजी सायंकाळी ७ वाजून ३९ मिनिटांनी भारत-तिबेट सीमेवरील डोंगराळ प्रदेशात प्रचंड भूकंप झाला. त्याचे परिमाण ८.६ होते. वनस्पतींच्या शोधार्थ भटकणारे फ्रँक किंग्डन-वॉर्ड त्या वेळी तिबेटातील रिमा या गावाजवळ पत्नीसह तळ ठोकून होते. तंबूबाहेर धावताच दोघेही खाली कोसळले. उभे राहणे अशक्य झाल्याने ती दोघे भुईला बिलगून पडून राहिली. थरथर ओसरल्यावर दूर आकाशात तोफा डागल्यासारखे आवाज होऊ लागले, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

अशा क्षणी ‘सुटलो’ असे मनुष्याला वाटते. वस्तुतः संकटाचा दुसरा भाग तेव्हा सुरू होतो. प्रस्तरभंगाच्या पातळीवर खडक सरकले की तेथील ताण मोकळा होतो. परंतु तो सर्वत्र सारखा मोकळा होत नाही. काही ठिकाणी तो उलट वाढतो, आणि तेथील खडक पुढे कित्येक दिवस, कधी कित्येक वर्षे, थोडेथोडे सरकत राहतात. हेच अनुधक्के होत. त्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले. पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी साधारण दहा बसतील.

येथे एक गैरसमज मात्र टाळावयास हवा. हा नियम संख्येचा आहे, आकाराचा नव्हे. मोठा अनुधक्का उशिराही येऊ शकतो. सर्वांत मोठ्या अनुधक्क्याचे परिमाण मुख्य धक्क्याहून सरासरीने १.२ ने कमी असते, म्हणजे त्याची ऊर्जा सुमारे साठपट कमी. पण ८.६ नंतर येणारा ७.४ चा धक्का तडे गेलेल्या भिंतीला क्षुल्लक कसा वाटावा? म्हणूनच तपासणी होईपर्यंत अशा घरात झोपू नये. भर पावसाळ्यात हे सांगणे सोपे, करणे अवघड, हे मान्य केलेच पाहिजे.

आसामने या बाबतीत आधीच एक धडा घेतला होता. १२ जून १८९७ च्या भूकंपात शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूच्या गिलावा केलेल्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर अशी हलकी घरे तेथे रूढ झाली. ती हलतात, वाकतात, पण माणसाच्या अंगावर सहसा कोसळत नाहीत.

नद्यांपुढे मात्र घरांचा हलकेपणा उपयोगी पडला नाही. दरडी कोसळून सुबनसिरीचा प्रवाह अडला, आणि काही दिवसांनी तो बांध फुटून आलेल्या लोंढ्यात पाचशेहून अधिक माणसे बुडाली. डोंगरांतून वाहत आलेल्या गाळाने दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्र वर उचलले गेले. पुढील काही वर्षांत त्या शहराचा मोठा भाग नदीने कापून नेला.