बांधावरचे खत

पेरणी तोंडावर आली की लहान शेतकऱ्याला घोर लागतो. बियाणे घरचे असेल, पण खताचे पोते विकतच आणावे लागते. गाठीला पैसा नसला तर उसनवारी होते. मग पीक घरात येण्याआधीच त्यातला वाटा दुसऱ्याचा होतो. म्हणून आज आम्ही एका झाडाची ओळख करून देतो. खताचा थोडा भार ते आपल्या अंगावर घेते.

याचे नाव गिरिपुष्प. कुणी याला उंदीरमारी म्हणतात. हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. आता आपल्याकडेही कुंपणाला दिसते. उन्हाळ्याच्या सुमारास पाने झडतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात. तुम्ही ते पाहिले असेल. नाव ठाऊक नसेल, एवढेच.

तूर, हरभरा, भुईमूग यांच्याच कुळातले हे झाड. यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. गाठींत जिवाणू राहतात. हवेत नत्र भरपूर आहे, पण पिकाला ते तसेच घेता येत नाही. हे जिवाणू ते धरून झाडाला देतात. युरियातून आपण देतो तेही नत्रच!

आता थोडा हिशेब करू. १०० किलो वाळल्या पाल्यात साधारण ३ किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलोंच्या वर असते. म्हणजे पाला पोत्याची जागा पुरती घेणार नाही. पण पाल्याने माती भुसभुशीत होते, ओल टिकते. ते काम युरिया करत नाही.

लावायचे कसे? पाऊस सुरू झाला की अंगठ्याहून जाड, दोन हात लांब काड्या तोडाव्या. खालचे टोक तिरपे छाटून वीतभर मातीत रोवावे. दोन-दोन फुटांवर एक काडी. एक एकर चौकोनी रान असेल, तर चारी बांधांवर चारशे काड्या बसतात.

पहिले वर्ष हात लावू नका. पुढे कमरेएवढ्या उंचीवर छाटत जा. नाही छाटले तर पिकावर सावली पडते. पाला व कोवळे शेंडे मातीत मिसळा, नाहीतर ओळींमध्ये पसरा. काही आठवड्यांत ते कुजतात.

शेळ्या-गुरांना पाला सुकवून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडाच घाला. घोड्याला व कोंबड्यांना मात्र तो बाधतो. बिया आणि साल विषारी आहेत. उंदीरमारी नाव उगाच नाही पडले! पोरांना जपा.

काड्यांना पैसा पडत नाही. कुणाच्या कुंपणाला हे झाड असेल, तर छाटणीच्या वेळी चार काड्या मागून घ्या. नाही कोण म्हणेल?