यंत्राच्या दारांची नावे

हजेरीपटावर नाव चुकले की मजुराचा हक्क बुडतो, हे आम्ही संघटनेत पाहिले आहे. यंत्रांचेही तसेच आहे.

लिनक्सच्या संगणकात जाळ्याची दोन कार्डे असली, तर पूर्वी जे आधी सापडे ते ‘एथ०’, मागले ‘एथ१’. फाटकावर जो आधी पोचेल त्याला पहिला बिल्ला, असा हा कारभार! संगणक पुन्हा सुरू होताच बिल्ले बदलू शकत. पहारा मात्र नावावर बसवलेला. मग बाहेरचे दार उघडे पडे.

पुढे कार्डाच्या मॅक पत्त्यावरून नाव नोंदवू लागले. पण कार्ड बदलले की नावही बदले. २०१३ साली ‘सिस्टमडी’ने नाव जागेवरून देण्याची रीत आणली. ‘ईएनपी२एस०’ म्हणजे इथरनेट, पीसीआयची बस २, खाच ०. कार्ड नवे आले तरी जागा तीच, म्हणून नावही तेच.

यातही एक मेख आहे. नवे कार्ड बसवल्यास बसचे क्रमांक सरकू शकतात. म्हणून जेथे चूक परवडत नाही, तेथे ‘लिंक’ फाइलीत आपणच नाव लिहून ठेवावे. ज्याच्यावर पहारा अवलंबून, ते नाव दैवावर सोडू नये.