पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतल्यास: आंतरराष्ट्रीय बालहक्क आणि भारतातील कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. संहितेच्या अनुच्छेद ३७ नुसार मुलाला अटक करणे किंवा कोंडून ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, तोही शक्य तितक्या कमी काळासाठी. मुलाला प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे. त्याआधी १९८५ च्या बीजिंग नियमांनीही हीच दिशा दाखवली होती. आपल्याकडे ही तत्त्वे मुख्यतः बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये आली आहेत.

पहिले २४ तास

१८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथक किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मुलाला बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला असते.

जामिनाबाबत अनेक पालकांचा गैरसमज असतो. मुलांच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. सुटकेमुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे सबळ कारण असेल तरच मंडळ जामीन नाकारू शकते, आणि ती कारणे लेखी नोंदवावी लागतात. जामीन न मिळाल्यास मुलाला निरीक्षण गृहात ठेवले जाते.

या सगळ्याचा आधार एकच: वय. त्यासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी होते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून ही तारीख टाकलेली अनेक मुले आहेत. शाळेची नोंद आणि जन्मदाखला जुळत नसल्यास दोन्ही कागद वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवा. वयाचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, निकालानंतरही, मांडता येतो.

जिथे अंतर आहे

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये गुन्हेगारी जबाबदारीचे किमान वय १४ असावे, असे सुचवले. जर्मनीत ते १४ आहे, स्कॉटलंडने ते १२ केले, इंग्लंडमध्ये १० आहे. भारतात ते ७ आहे. १८६० च्या दंड संहितेतला हा आकडा भारतीय न्याय संहितेतही कायम राहिला. ७ ते १२ वयोगटासाठी मुलाची समज पुरेशी होती का, हे पाहिले जाते.

दुसरा प्रश्न १६ ते १८ वयोगटाचा. किमान सात वर्षे शिक्षेचा घोर अपराध असल्यास मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते, आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊन मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. बालन्यायाचे नियम १८ पर्यंत अपवाद न करता सर्वांना लागू व्हावेत, असे समितीचे मत आहे. तरीही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप कोणत्याही बालकाला देता येत नाही.

मदत आणि गोपनीयता

चाइल्डलाइन १०९८ वर किंवा मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचीही मदत मिळते.

मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा पत्ता प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर फोटो फिरू लागला, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मंडळापुढील पहिल्याच तारखेला दाखवा.